इवली बेडकी आणि पोरांची सावड

या, जवळ या. पाय पसरा. एक डोळा मिटा, एक उघडा ठेवा. मिटल्या डोळ्यानं स्वप्न बघा, उघड्या डोळ्यानं गोष्ट ऐका. कान तर उघडेच असतात, त्यांना कोण मिटतंय?

एक होती बेडकी. एवढीशी. चिंचोक्याएवढी. तिचं नाव इवली.

इवलीचं एक डबकं होतं. डबकं कसलं, वाटीएवढा खळगा! पण इवलीला तो समुद्र वाटायचा. जिचा तिचा समुद्र!

डबकं होतं गावच्या बालवाडीत. हात धुवायच्या दगडाखाली. रोज दुपारी बाळं खिचडी खायची. मग हात धुवायची. खळखळ खळखळ. पाणी दगडावरून यायचं, डबक्यात पडायचं. टप टप, टप टप.

मग बाळं आडवी व्हायची. शेवंताताई हळू आवाजात म्हणायची,

"नीज रे पाना, नीज रे फांदी,
वारा निजला खिडकीच्या सांदी."

इवली पाण्यावर तरंगायची. आभाळ डबक्यात उतरायचं. एखादा ढगही यायचा. इवली ढगावर बसायची आणि डोळे मिटायची. डुल डुल, डुल डुल.

एक दिवस काय झालं? वानरं आली. छपरावर धावली. धाड धाड, खाड खाड! कौलं फुटली. बालवाडीला कुलूप लागलं. बाळं आपापल्या घरी राहिली.

खळखळ नाही. टप टप नाही. डबकं आटलं. आभाळ निघून गेलं. खाली उरला चिखल, आणि तोही सुकायला लागला.

पाणी नाही तर बेडकी जगणार कशी? इवलीला रडू आलं. पण चिंचोक्याएवढ्या बेडकीचं रडू ते! त्यानं कुठे डबकं भरतंय?

इवली उठली. निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पायरीवर शेवंताताई बसली होती. हातात किल्ली, पण दार बंद. इवली म्हणाली,

"ताई, ताई, दार उघड ना.
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

ताई म्हणाली, "नाही गं इवले, नाही. बाळांच्या डोक्यात कौल पडलं म्हणजे? छप्पर होऊ दे, मग दार उघडीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इवली गेली भिवाकाकाकडे. काका गावाची छपरं करायचा. शिडीला टेकून पेंगत होता. इवली म्हणाली,

"काका, काका, छप्पर करा ना.
दार उघडेना,
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

काका म्हणाला, "नाही गं इवले, नाही. शिडी हाय, मी बी हाय. पर कौलं कुठं हायेत? कौलं मिळू देत, मग छप्पर करीन."

आणि पुन्हा पेंगला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इवली गेली गोदामावशीकडे. मावशी कुंभारीण. अंगणात कच्ची कौलं ओळीनं उभी. बोट लावलं की वाकायची. इवली म्हणाली,

"मावशी, मावशी, कौलं दे ना.
छप्पर होईना,
दार उघडेना,
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

मावशी म्हणाली, "नाही गं इवले, नाही. भाजल्याबिगर कौल व्हतंय व्हय? आन् माझ्याकडं लाकूड न्हाई. भट्टी पेटू दे, मग कौलं देईन."

मावशीनं ओल्या मातीचा बारकासा गोळा इवलीच्या पाठीवर ठेवला. गार गार वाटलं. मावशी चांगलीच होती. पण गोळ्यात काही डुंबता येत नाही.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इवली गेली कोंडाआत्याकडे. आत्या लाकडं आणायची. करंजाच्या झाडाखाली बसली होती. मांडीवर कोयता, कोयत्यावर सावली. करंजाची पानं हलत होती. सळसळ, सळसळ. इवली म्हणाली,

"आत्या, आत्या, लाकूड दे ना.
भट्टी पेटेना,
कौलं मिळेनात,
छप्पर होईना,
दार उघडेना,
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

आत्या म्हणाली, "नाही गं इवले, नाही. कोयता बघ माझा. लोण्यात बी शिरायचा न्हाई. कोयता चालू दे, मग लाकूड देईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इवली दमली. ऊन झळझळत होतं. रस्ता पाण्यासारखा हलत होता. इवलीला वाटलं, पाणीच आलं! तिनं सूर मारला. धप्! तोंडात धूळ.

तशीच गेली लोहाराकडे. म्हादूदादाकडे. निखारे गार होत आले होते. इवली म्हणाली,

"दादा, दादा, धार लाव ना.
कोयता चालेना,
भट्टी पेटेना,
कौलं मिळेनात,
छप्पर होईना,
दार उघडेना,
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

दादा म्हणाला, "नाही गं इवले, नाही. एका हातात सांडशी, एका हातात हातोडा. भात्याला तिसरा हात कुठनं आणू? भाता ओढते आमची पारू. भाता हलू दे, मग धार लावीन. तोवर माझ्या कुंडीतल्या पाण्यात बस की."

इवली म्हणाली, "नको रे बाबा! तिथे तू तापलं लोखंड बुडवतोस. चुर्र!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इवली गेली पारूवहिनीकडे. वहिनी उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर तिची लेक, मणी. मणी टकटक बघत होती. वहिनीचे डोळे मात्र आपोआप मिटत होते. वहिनीनं जांभई दिली. इवलीनंही दिली. इवली म्हणाली,

"वहिनी, वहिनी, भाता ओढ ना.
धार लागेना,
कोयता चालेना,
भट्टी पेटेना,
कौलं मिळेनात,
छप्पर होईना,
दार उघडेना,
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

वहिनी म्हणाली, "नाही गं इवले, नाही. मणीला खाली सोडली की निघाली निखाऱ्याकडं. आधी बालवाडीतल्या पाळण्यात निजायची. आता बालवाडी बंद. मणी उतरू दे, मग भाता ओढीन."

इवली थांबली. बालवाडी बंद, म्हणून मणी मांडीवर. मणी मांडीवर, म्हणून भाता बंद. भाता बंद, म्हणून कोयता, म्हणून भट्टी, म्हणून कौलं, म्हणून छप्पर, म्हणून... बालवाडी बंद! अगं बाई! एवढं चालून चालून पुन्हा त्याच दारात!

आता कुणाला सांगायचं? उरली होती एकटी मणी. पाठीवरचा गोळा सुकून पडला होता. इवलीचा आवाज बारीक झाला होता. तरी ती म्हणाली,

"मणी, मणी, उतर ना.
भाता हलेना,
धार लागेना,
कोयता चालेना,
भट्टी पेटेना,
कौलं मिळेनात,
छप्पर होईना,
दार उघडेना,
बाळं येईनात,
हात धुवेनात,
डबकं भरेना.
मी डुंबू कुठे?"

मणीला कुठे बोलता येतंय? ती म्हणाली, "ग्गा."

इवलीनं एकच उडी मारली. अगदी छोटी. टुणुक.

मणी हसली. खुदकन!

इवलीनं आणखी एक मारली. टुणुक. मणी मांडीवरून घसरली. सुर्रकन! आणि निघाली रांगत.

इवली पुढे, टुणुक टुणुक. मणी मागे, दुडू दुडू. निखाऱ्याकडे नाही हं. करंजाच्या सावलीकडे. मणीमागे पारूवहिनी. "अगं, थांब! अगं मणे!"

करंजाखाली कोण होतं? कोंडाआत्या. आत्यानं मणीला अलगद उचललं.

आत्या म्हणाली, "पारू, जा तू. भाता ओढ. कोयत्याला धार लागंस्तवर मी रिकामीच हाय. मणीला मी घेते."

वहिनी म्हणाली, "पर तुमी कशाला, आत्या? पोर माझी."

आत्या म्हणाली, "आन् भात लावताना? आज माझ्या वावरात तू, उद्या तुझ्या वावरात मी. त्याला सावड म्हणतो का न्हाई आपण? भाताची सावड करतो, नांगरटीची करतो. पोरांची सावड करायचं कुणाला सुचलंच न्हाई बघ!"

वहिनी बघतच राहिली. मग हसली. हात मोकळे झाले आणि ती धावत गेली.

जाताना आत्याचा कोयताही घेऊन गेली. मणी आत्याच्या मांडीवर. मांडीला पाल्याचा वास. आत्या गुणगुणली, "सळसळ बाई सळसळ." मणीचे डोळे जड झाले.

भाता हलला. भस्स भुस्स, भस्स भुस्स.
निखारे फुलले. ठण ठण, चुर्र!
धार लागली.

आता आत्या निघाली रानात. वहिनी अजून भात्यावरच, गावचे विळे-कोयते रांगेत होते. मग मणी कुणाकडे? लाकडाची वाट बघत कोण बसलं होतं? गोदामावशी! मणी मावशीच्या मांडीवर. मांडीला ओल्या मातीचा वास. मावशी गुणगुणली, "गरगर बाई गरगर." मणीचं बघून शेजारची पोरंही आली. मावशीच्या पाठीला पाठ लावून बसली.

कोयता चालला. खच् खच्, खच् खच्.
लाकूड आलं.

आता मावशी भट्टी पेटवणार. मग मणी कुणाकडे? कौलांची वाट बघत कोण पेंगत होतं? भिवाकाका! मणी काकाच्या मांडीवर. पोरं शिडीभोवती. काकाला अंगाई कुठली येते? त्याला बैलाला बोलायचं तेवढं येतं. तो म्हणाला, "हो हो, राजा, हळू हळू." चाललं की तेच. पोरं निजली, आणि काकाही निजला.

भट्टी पेटली. धग धग, धग धग.
कौलं भाजली. लाल लाल झाली.

आता काका शिडीवर चढणार. मग मणी कुणाकडे? हे तुम्हीच सांगा. किल्ली घेऊन पायरीवर कोण बसलं होतं? शेवंताताई! मणी ताईच्या मांडीवर. बाकीची पोरं ताईच्या पदराला.

कौलं बसली. टक टक, टक टक.
छप्पर झालं.
दार उघडलं. कर्र!
बाळं आली.
खिचडी झाली. मटमट खाल्ली.
हात धुतले. खळखळ, खळखळ!

पाणी दगडावरून आलं. टप टप, टप टप. डबकं भरलं. आभाळ परत आलं, ढगाला घेऊन आलं. इवलीनं सूर मारला. डुबुक्! हे मात्र खरं पाणी होतं. किती किती बरं वाटलं तिला!

सगळी मोठी माणसं अंगणात जमली. ताईनं विचारलं, "वानरं परत आली तर?"

काका म्हणाला, "मी शिडी आणीन. न्यायचीच न्हाई आता. हितंच ठेवतो."

मावशी म्हणाली, "माझी कौलं."

आत्या म्हणाली, "माझं लाकूड. आन् रोज एकजण ताईच्या हाताशी. पाणी भरायला, पोरं निजवायला. आपली सावड."

"आपली सावड!" सगळे म्हणाले. तेव्हापासून त्या बालवाडीत रोज कुणी ना कुणी येतं. कधी मातीच्या वासाचं, कधी पाल्याच्या. बाळांना दोन्ही आवडतात.

मणी पाळण्यात निजली. पोरं चटईवर निजली. ताईचा आवाज हळू हळू झाला.

"नीज रे पाना, नीज रे फांदी..."

इवली ढगावर बसली. पोट भरून आनंद झाला होता. आता मोठ्ठ्यानं गाणं म्हणायचं! तिनं गाल फुगवले. तोंड उघडलं. डरा...

पण पायरीवर कोण होतं? मणीची आई. पारूवहिनी मणीला न्यायला आली होती. क्षणभर टेकली होती. मांडी रिकामी. हात मोकळे. मान भिंतीला टेकलेली. किती दिवसांनी तिचे डोळे असे गच्च मिटले होते.

इवलीनं तोंड मिटलं. गाल आत घेतले. पाणीसुद्धा हलू दिलं नाही.

श्श. आई झोपलीय.