आंब्यावरचा टोप

"पण बुवा, त्या टोपाचा अर्थ काय?"

हेरंबशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

बुवांनी निखाऱ्यातून फणसाची आठळी ओढली, फुंकर मारली, तोंडात टाकली.

"टोप," म्हणाले.

शास्त्री गालात हसले. एवढं खोल उत्तर आणि एवढ्या लहान शब्दात! त्यांनी वही काढली आणि लिहिलं : 'टोप म्हणजे देह. रिकामा, म्हणूनच वाजणारा.'

हसू नका. वही शंभर पानी होती आणि सत्तर पानं भरली होती.

तर हा टोप म्हणजे एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पोचे आलेला, पन्नास माणसांचा भात शिजेल एवढा टोप. वाघनी नदीच्या काठी, घाटाच्या पायथ्याला, हेदाचा कोंड नावाच्या वाडीतली जी सपाट मळी आहे, तिथल्या जुन्या रायवळ आंब्यावर, तीन पुरुष उंचीवर तो तारेने बांधलेला होता. त्यावरून वर टेकाडावर राहणाऱ्या म्हाताऱ्याला टोपबुवा म्हणत. खरं नाव विचारलं तर रोज वेगळं सांगायचा.

शास्त्री घाटावरून आले होते. तीन विषय शिकून, चौथा शिकवून, पाचव्यावर वाद घालून. आता फक्त कानमंत्र राहिला होता.

अंगण सारवणाऱ्या गोदाकाकीने मान वर केली.

"अर्थ मी सांगते. माझा टोप आहे तो. एकोणीस वर्षांमागे नदीने चुलीवरनं उचलला, भातासकट. पाणी उतरलं तेव्हा तिथे लटकत होता. बुवांनी तार बांधली... अकरा माणसं गेली त्या दिवशी. माझी नणंद पण."

शास्त्र्यांचे डोळे चमकले. अकरा! दहा इंद्रियं आणि अकरावं मन! त्यांनी भराभरा लिहिलं : 'नदी म्हणजे माया. अकरा म्हणजे इंद्रियं.'

बुवांनी वहीत डोकावलं. बुवा सदा हसणारे. तेवढ्यापुरते हसले नाहीत.

...

"मी अनुष्ठानाला बसतो," शास्त्री म्हणाले. "चाळीस दिवस, मौनात. कुटी खाली मळीवर बांधतो. त्या टोपाच्या छायेत."

"तिथे नको. वर बांधा."

"वर!" शास्त्र्यांनी डोळे मिटले. "कळलं, बुवा. चित्त वरच ठेवीन."

"चित्त नव्हे हो, कुडाच्या भिंती!" गोदाकाकी ओरडली.

शास्त्री तेही लिहीत होते.

बुवा इतके हसले की आठळी घशात अडकली. गोदाकाकीने पाठीत दोन गुद्दे घातले, जरा जास्तच जोरात, तेव्हा ती सुटली.

"बांधा," बुवा डोळे पुसत म्हणाले. "पण एक अट. रोज सकाळी आंब्यावर चढायचं, राखेने टोप घासायचा आणि उतरायचं. चाळिसाव्या दिवशी मंत्र."

आता विद्वान माणसाने झाडावर चढून रिकामा टोप घासायचा! पहिल्या दिवशी शास्त्री दोनदा घसरले आणि धोतर फांदीला राहिलं. पोरीबाळी पदरात तोंड घालून हसल्या. दहाव्या दिवशी न घसरता चढले. तिसाव्या दिवशी वानरं त्यांना बघून सरकून जागा द्यायला लागली.

टोप लखलखत होता. दोन मैलांवरून दिसायचा.

अडतिसावा दिवस उजाडला तोच आवाजाने. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळला होता. वाघनी तांबडी झाली होती. मुळांसकट झाडं वाहत होती, त्यांच्या मागून कुणाची तरी गवताची गंजी, तिच्यावर एक मांजर, अगदी जहागीरदारासारखं बसलेलं.

गोदाकाकी शेळ्या हाकत वर निघाली होती. मळीच्या कडेला थांबून तिने हाक दिली.

"शास्त्री, उठा! पाणी चढतंय!"

कुटीतून एक हात बाहेर आला. दोन बोटं वर. दोन दिवस राहिले.

"दोन काय? दोन भाकऱ्या? अहो, माणूस मरायला लागला की भूक लागते का?"

हात आत गेला. शेळ्या पुढे पळाल्या. काकी शिव्या देत त्यांच्या मागे पळाली. शिव्या कोणाला होत्या ते शेळ्यांनाही कळलं नाही.

शास्त्री आत डोळे मिटून बसले होते. दोन दिवस. फक्त दोन. आता उठलं तर अडतीस दिवस फुकट, मंत्र गेला, आणि घाटावर परत जाऊन लोकांना काय सांगायचं?

मग आसन तरंगलं.

मौन नेमकं कधी मोडलं ते शास्त्र्यांना आठवत नाही. पण वर टेकाडावरच्या साऱ्या वाडीने "आई गं!" स्पष्ट ऐकलं.

पाय आपोआप आंब्याकडे गेले. हात आपोआप ओळखीच्या खाचेत बसले. पहिल्या फांदीवर त्यांना वैराग्य आठवलं. दुसऱ्या फांदीवर आई आठवली. तिसऱ्या फांदीवर फक्त चौथी फांदी आठवली. खाली बघितलं तर कुटी निघाली होती, सोबत वही, तिच्यातला देह, माया, इंद्रियं सगळं घेऊन.

पाणी चढत होतं. टोपाच्या बुडाला लागलं. टोप फांदीवर आपटायला लागला... टण... टण... टण...

तो रिकामा टोप एकोणीस वर्षं जे सांगत होता, ते शास्त्र्यांनी तेव्हा ऐकलं.

इथे पाणी आलं होतं. इथवर.

आणि खाली घरं होती. चूल पेटलेली होती. भात शिजत होता.

शास्त्री रडले. मग तार सोडवली, आणि वरून पाऊस दगडासारखा बसत होता म्हणून टोप डोक्यावर पालथा घातला आणि आणखी एक फांदी वर गेले.

तिसऱ्या प्रहरी पाणी उतरलं. भाताची लावणी वाळूखाली गेली होती. म्हशीएवढे धोंडे शेतात येऊन बसले होते. साकव वाहून गेला होता, घाटाची सडक दरडीखाली होती. कोंडातल्या सगळ्यात खालच्या घराची, म्हणजे गोदाकाकीच्या घराची, मागची भिंत बसली होती. पण माणूस एकही गेलं नव्हतं. गुरंही सगळी होती. एक कोंबडा गेला. तो वेळी-अवेळी आरवायचा, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी फार रडलं नाही.

माणसं वाचली, कारण एकोणीस वर्षांत त्या टोपाच्या पातळीखाली कोणी घर बांधलं नव्हतं. एक शास्त्री सोडून.

बुवा काठी टेकत चिखलातून आले. मागे सारी वाडी, दोर घेऊन.

"अरे वा!" बुवा वर बघून म्हणाले. "टोपाला पाय फुटले!"

वाडी खो-खो हसली. टोपही हसला. म्हणजे आतून शास्त्री हसले, तो आवाज घुमून बाहेर आला.

"बुवा, अर्थ कळला!"

"सांगा."

"टोप."

"आणि नदी?"

"नदी."

"आणि अकरा?"

पानांवरून पाणी ठिबकत होतं...

"माणसं, बुवा. अकरा माणसं."

गोदाकाकीने पदर डोळ्यांना लावला. मग नाक ओढून म्हणाली, "उतरा आता. पेज केली आहे. आणि माझा टोप खाली ठेवा, डोक्याचा वास लागेल त्याला."

शास्त्री टोप डोक्यावर ठेवूनच उतरले. एकदाही घसरले नाहीत. अंगावर लंगोटीपुरतंच काय ते उरलं होतं. पण बुवांपुढे उभे राहताच मान खाली गेली.

"दोन दिवस कमी पडले. मौनही मोडलं... आता मंत्र नाही ना?"

बुवांनी काठीने आंब्याकडे दाखवलं.

"पाणी कुठवर आलं रे?"

आजवर बुवा त्यांना 'अहो' म्हणत होते. शास्त्र्यांच्या ते ध्यानात आलं, आणि त्या चिखलात त्यांना एकदम ऊब वाटली. त्यांनी बोट दाखवलं. खोडावर चिखलाची ताजी रेघ होती. तारेच्या जुन्या वळाच्या हातभर वर.

गोदाकाकीने रेघेकडे पाहिलं, मग आपल्या पडक्या भिंतीकडे.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या घरात धूर कोंडायचाच. नवीन वर बांधू. शास्त्री धोंडे उचलतील."

"उचलेन, काकी."

"मग कान दे," बुवा म्हणाले.

सारी वाडी जवळ सरकली. शास्त्री गुडघ्यांवर बसले, हात जोडले, डोळे मिटले. बुवांनी टोप त्यांच्या डोक्यावरून काढला, बोटाच्या पेराने वाजवला... टण... आणि त्यांच्या जोडलेल्या हातांत ठेवला. मग वाकून तोंड कानाशी नेलं.

हळू बोलणं बुवांना जन्मात जमलं नव्हतं. पार शेवटच्या शेळीपर्यंत ऐकू गेलं.

"एक फांदी वर बांध."