मुकिंदाचं फाटक आणि टाकीचं तीर्थ

करवंदवाडी नावाच्या गावात एक भोळा राखणदार होता. नाव मुकिंदा. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "अंगणातले कपडे वाळले का बघून या," की हा बघून यायचा आणि गप्प बसायचा. वरून सरी कोसळल्या तरी कपडे आपले दोरीवर. काढून आणा असं ती कुठं म्हणाली होती?

गावाबाहेरच्या टेकडीवर प्रशमानंद महाराजांचं विद्यापीठ होतं. खासगी बरं का! जागा मठाची, इमारती मठाच्या, आणि तिथं काय बोलायचं तेही मठच ठरवणार. मुकिंदाला तिथं फाटकावर नोकरी लागली. त्याची भाची कुमुद तिथंच शिकत होती. तिनंच मामासाठी शब्द टाकला होता.

पहिल्याच दिवशी मोघे सरांनी त्याला समोर उभं केलं. मोघे सर म्हणजे तिथले कुलसचिव, सगळा कारभार त्यांच्या हातात.

"हे विद्येचं पवित्र स्थान आहे," सर म्हणाले. "इथं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि फाटकाची किल्ली आतल्या खिळ्यावरून हलवायची नाही."

मुकिंदा गप्प.

"अरे, कळलं का?"

"कळलं. आता विचारलंत म्हणून बोलतो."

सर खूश झाले. असा माणूस शोधून मिळत नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर कुमुद उभी राहिली. म्हणाली, "सर, वसतिगृहाच्या टाकीतल्या पाण्याला वास का येतो?" बस, एवढंच. पण सरांचा चेहरा असा झाला, जणू पोरीनं मूर्तीवरचा मुकुटच पळवला.

"संस्थेची बदनामी! मुकिंदा, पाण्याला वास येतो असं जो म्हणेल त्याला फाटकाबाहेर काढायचं. मग तो कुणी का असेना! परत आत यायचं असेल तर टाकीतलं तांब्याभर पाणी प्यायचं आणि चारचौघांत ‘गोड आहे’ म्हणायचं."

झालं. मामानंच भाचीचा हात धरून तिला बाहेर काढलं. सोमवारी तिची परीक्षा. ती बुडली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की बाप तिला कायमची घरी नेणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

"पी की गं तांब्याभर," तो म्हणाला.

"मामा, पाणी पिईन एक वेळ. पण त्याला गोड म्हणायला जीभ वळत नाही."

ती फाटकासमोरच्या लिंबाखाली पुस्तकं घेऊन बसली. रोज तिथंच बसायची.

दुसऱ्या दिवशी फाटक बंद असताना एक तांबडी गाय आवारात आली. ती सरळ सभामंडपात गेली आणि महाराजांच्या आसनावरची फुलं खाऊ लागली. मुकिंदा शेजारी उभा. झेंडू संपला, शेवंती संपली. मग गाय आसनावर बसून रवंथ करू लागली.

सर धावत आले. "अरे, बघतोस काय? ओरडला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, सर."

"मूर्खा! असं कुणी खाताना दिसलं की हात वर करायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, ‘सर, नुकसान होतंय!’"

"बरं, सर."

तिसऱ्या दिवशी देणगी देणारे एक शेठजी जेवायला आले. मठाचे बुंदीचे लाडू त्यांना फार आवडले. त्यांनी आणखी एक लाडू उचलला, तेवढ्यात मुकिंदानं हात वर केला.

"सर, नुकसान होतंय!"

शेठजींना असा ठसका लागला की पाठ चोळता चोळता सरांचा हात दुखला. शेठजी गेल्यावर सरांनी मुकिंदाला धारेवर धरलं.

"अरे गाढवा, बाहेरचं कुणी आलं की हात जोडायचे. म्हणायचं, ‘आमचं भाग्य! असेच पुन्हा पुन्हा या.’"

"बरं, सर."

चौथ्या दिवशी टाकीच्या पाण्यानं वसतिगृहातली निम्मी पोरं पोट धरून आडवी झाली. सरकारी दवाखान्याची गाडी आली. पोरांना झोळीत घालून नेऊ लागले. मुकिंदानं फाटकात हात जोडले.

"आमचं भाग्य! असेच पुन्हा पुन्हा या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाकी काही बोलायची गरजच उरली नाही. सरांनी कपाळाला हात लावला.

"तुला सांगू तरी काय? हे बघ, इथून पुढं बाहेरच्या कुणीही काहीही विचारलं तर एकच उत्तर. ‘असं इथं काहीच नाही.’"

"बरं, सर."

शनिवारी विद्यापीठ तपासायला समिती आली. फाटकातच त्यांनी विचारलं, "ग्रंथालय कुठं आहे हो?"

"असं इथं काहीच नाही."

"बरं, प्रयोगशाळा?"

"असं इथं काहीच नाही."

"शिकवायला प्राध्यापक तरी?"

"असं इथं काहीच नाही."

"आणि महाराज?"

"असं इथं काहीच नाही."

समितीतल्या माणसांनी भराभर काहीतरी टिपून घेतलं. सरांनी त्यांना कसंबसं आत नेलं आणि रविवारच्या उत्सवाला थांबवून घेतलं. मग मुकिंदाला बाजूला घेतलं. आवाज अगदी रडवेला.

"तुझ्या पाया पडतो. आता तू आपणहून बोलूच नकोस. उद्या महाराज जे सांगतील ते खरं मानायचं आणि तसं वागायचं. बस."

"बरं, सर."

रविवारी मंडप भरला. पुढं समिती, मागं पोरं, मधे सगळं चिडीचूप. महाराज माणूस तसा वाईट नव्हता. वेगळ्या विहिरीचं पाणी पिणारा होता, इतकंच. ते ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "कुणी या पाण्याला नावं ठेवतं. अरे, या भूमीतलं पाणी म्हणजे तीर्थ! तीर्थ!"

मुकिंदानं ते खरं मानलं. तो गेला आणि टाकीतलं बादलीभर पाणी घेऊन आला. देवघरातली पळी आणली. तीर्थ द्यायचं तर थोरांपासून, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो थेट महाराजांपुढं उभा राहिला. तीर्थाला नाही म्हणायचं नसतं. महाराजांनी उजवा हात पुढं केला, तळहात तोंडाशी नेला आणि मान फिरवली.

"शी! याला वास येतोय!"

ध्वनिक्षेपक चालूच होता. अख्ख्या टेकडीनं ऐकलं.

मुकिंदानं बादली खाली ठेवली. महाराजांचा दंड अदबीनं धरला. महाराजांना वाटलं, हा आपल्याला तीर्थातून सोडवतोय. तेही लगबगीनं निघाले. फाटकातलं छोटं दार उघडलं, महाराज बाहेर, दार बंद. ते दार आतून नुसतं ओढलं की उघडायचं, बाहेरून मात्र किल्ली लागायची.

सर बोंबलत आले. "अरे, काय केलंस हे! त्या पाण्याला वास येतो म्हणून महाराज बोलले!"

"सर, आता तुम्ही पण म्हणालात."

सर बाहेर. समितीनं बादलीत वाकून पाहिलं. "वास आहे बुवा." समिती बाहेर. मग पोरांना रंग चढला. कधीपासून तोंड दाबून बसलेली ती! "मामा, वास येतो!" "मामा, मी पण म्हणते!" फाटकाशी रांग लागली. आचारी आले, प्राध्यापक आले. एकानं तर दोनदा म्हणून घेतलं.

आत मुकिंदा एकटा उरला. सगळं शांत. तो बादलीजवळ गेला, वाकला आणि दचकला.

"आयला, वास येतोय की!"

कुणी का असेना, असं सर म्हणाले होते. मुकिंदानं स्वतःचाच कान धरला आणि स्वतःला बाहेर काढलं. खट्! मागं दार बंद झालं. किल्ली आतल्या खिळ्यावर.

उन्हात सगळं विद्यापीठ रस्त्यावर. महाराजांच्या घशाला कोरड पडली. ते लिंबाखाली कुमुदशेजारी टेकले. तिनं आपली बाटली पुढं केली, गावातल्या आडाचं पाणी होतं. महाराज घटाघटा प्यायले.

"गोड आहे," ते म्हणाले. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

मग बाटली तिच्या हातात परत देऊन ते सरांकडे वळले. म्हणाले, "मोघे, आजच टाकी उपसा. ही पोर उद्या परीक्षेला बसेल. आणि पुन्हा कुणाच्या तोंडाला कुलूप लावू नका."

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. पण टाकी उपसायला आत जाणार कसं? पोरांनी फाटक ढकललं, हलेना. शेवटी सर स्वतः वर चढले. पँट वरच्या टोकदार गजात अडकली आणि सर तिथंच लोंबकळत राहिले.

कुमुदनं विचारलं, "मामा, त्या दिवशी गाय आत कुठून आली होती?"

"गोशाळेमागची भिंत पडलीय ना, तिथून. बैलगाडी जाईल एवढी वाट आहे."

"अरे, मग इतका वेळ बोलला का नाहीस?" सर वरून ओरडले.

मुकिंदानं हात जोडले.

"सर, तुम्ही विचारलंत कुठं?"