ठुमकी आणि गुडघ्याचा घास

आटपाट गुडघा होता. गुडघा होता सगूचा.

गुडघ्याला होती कातडी. कातडीत होती घरं. एवढुशी, एवढुशी, डोळ्यांना दिसायचीसुद्धा नाहीत इतकी एवढुशी! त्या घरांना म्हणतात पेशी. एकाला एक चिकटून, दाटीवाटीने, मजेत राहायची.

त्यातल्याच एका घरात होती ठुमकी, घरातली ओझी वाहणारी.

ठुमकीला दोन पाय. हात नाहीत, नाक नाही, पण तोरा केवढा! डोक्यावर भलंमोठं बोचकं. पायाखाली मण्यांचा रस्ता. त्या रस्त्यावरून ती चालायची,

ठुमुक ठुमुक, ठुमुक ठुमुक.

आणि रस्ता म्हणजे नुसता रस्ता नव्हे बरं का. तोच घराचा वासा! रस्ता ताठ, तर घर ताठ. रस्ता पुढे, तर घर पुढे. हो हो, हे घर चालायचंसुद्धा. तुमचं चालतं का?

एकदा काय झालं, सगू कोंबड्यामागे धावली. कोंबडा पळाला. सगू पडली. धपाक! गुडघा खरचटला. कोंबड्याचं काही वाकडं झालं नाही.

इकडे घर हललं. रस्ता मोडला. मणी सांडले. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! फुगलेली पुरी बसावी तसं घर बसलं. फुस्स!

"अगं बाई! माझा रस्ता!" ठुमकी ओरडली.

तिच्या बोचक्यात होतं ठिगळ. ते लावायचं होतं घराच्या पुढच्या टोकाला. मग घर सरकणार पुढे, आणि खरचटलेली जागा झाकणार. नाहीतर गुडघा उघडाच! उघडा गुडघा झोंबतो. किती झोंबतो? फार झोंबतो!

पण रस्ताच नाही, तर चालायचं कशावर? रस्ता नसला की ठुमकी नुसती तरंगते. तशीच निघाली बिचारी.

डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

वाटेत भेटले मणी.

"मण्यांनो, मण्यांनो, जुळता का?
रस्ता होईना,
मी चालू कशी?"

मणी सगळे एकदम बोलले, "नाही ज्जा! मोडायला सांग, हसत हसत मोडू. जुळायला ताकद लागते. ताकद देते भट्टी. आधी भट्टी पेटू दे, मग आम्ही जुळू."

डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

कोपऱ्यात होती भट्टीमावशी. गार पडलेली, गाल फुगवलेली.

"भट्टीमावशी, भट्टीमावशी, पेटतेस का?
मणी जुळेनात,
रस्ता होईना,
मी चालू कशी?"

"नाही ज्जा!" भट्टीमावशी फणकारली. "मला लागते साखर. साखर येते दारातून. आधी दार उघडू दे, मग मी पेटेन."

डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

घराच्या कडेला होते दारोबा. उभ्या उभ्या घोरत होते.

"दारोबा, दारोबा, उघडता का?
भट्टी पेटेना,
मणी जुळेनात,
रस्ता होईना,
मी चालू कशी?"

"नाही ज्जा!" दारोबा जांभई देत म्हणाले. "उघडून काय वारा खाऊ? बाहेर साखर आहे कुठे? आधी नदी गोड होऊ दे, मग मी उघडेन."

ठुमकी दाराच्या फटीतून निसटली. बाहेर वाहत होती लाल लाल रक्ताची नदी. ठुमकीने मारली उडी. डुबुक!

"नदीताई, नदीताई, गोड होतेस का?
दार उघडेना,
भट्टी पेटेना,
मणी जुळेनात,
रस्ता होईना,
मी चालू कशी?"

"नाही ज्जा!" नदीताई धावता धावता म्हणाली. "मला थांबायला वेळ नाही. साखर वाटतो पोटोबा. आधी पोटोबा देऊ दे, मग मी गोड होईन. चल, सोडते तुला तिथे!"

सळसळ सळसळ, डुलुक डुलुक.

आला पोटोबा! केवढा मोठा! आणि आवाज तर त्याहून मोठा. गुडगुड गुडगुड!

"पोटोबा, पोटोबा, देता का?
नदी गोड होईना,
दार उघडेना,
भट्टी पेटेना,
मणी जुळेनात,
रस्ता होईना,
मी चालू कशी?"

"नाही ज्जा!" पोटोबा गुडगुडला. "देऊ कुठून? मीच रिकामा! आधी पोटोबा, मग विठोबा, ऐकलं नाहीस का कधी? आधी सगू खाऊ दे, मग मी देईन."

आता सगूला गाठायला हवं. ठुमकी निघाली वर. पोटातून वर, गळ्यातून वर, वर, वर, वर, थेट सगूच्या कानाशी. पण आतल्या बाजूने हं!

"सगूबाई, सगूबाई, खातेस का?
पोटोबा देईना,
नदी गोड होईना,
दार उघडेना,
भट्टी पेटेना,
मणी जुळेनात,
रस्ता होईना,
मी चालू कशी?"

सगूचे दोन्ही डोळे भरलेले. दोन्ही ओठ मिटलेले. मिटल्या ओठांतूनच म्हणाली, "नाही ज्जा! माझा गुडघा झोंबतोय. आधी गुडघा बरा होऊ दे, मग मी खाईन."

"बरं बरं," ठुमकी म्हणाली. "गुडघा बरा कोण करणार?"

मग तिच्या लक्षात आलं.

"अय्या! मीच की!"

ठुमकी चालली, तर गुडघा बरा. गुडघा बरा झाला, तर सगू खाणार. सगूने खाल्लं, तर ठुमकी चालणार. ठुमकी चालली, तर गुडघा बरा. गुडघा बरा झाला, तर... थांबा, थांबा, मलाच गरगरायला लागलं!

ठुमकीही गरगरली. तिला आलं रडू. रडता रडता आलं हसू. आता करायचं तरी काय?

बाहेर बाबा वरणभात घेऊन बसले होते.

"हा घास चिऊचा," बाबा म्हणाले.

"चिऊला दे," सगू म्हणाली.

"हा घास काऊचा."

"काऊला दे."

"हा घास माऊचा."

"माऊलाच दे!"

ठुमकीने ऐकलं. चिऊला घास, काऊला घास, माऊला घास. ज्याला लागलंय त्याचं काय? तिने दोन्ही पाय आपटले आणि जोरात ओरडली, "सगू, अगं सगू! गुडघ्याचा घास कुठाय?"

सगूने मान वाकवली. तिने गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा लाल लाल, बिचारा बिचारा.

"बाबा," सगू म्हणाली, "गुडघ्याचा घास कुठाय? त्याला भूक लागलीये."

बाबांनी ताट पुढे ओढलं. मग त्यांनी कालवला मोठ्ठा घास, वर तुपाची धार.

"हा घास गुडघ्याचा!"

सगूने केला आ.

गट्टम!

सगूने खाल्लं, मग पोटोबाने दिलं. भाताची झाली साखर! घुर्र घुर्र.
पोटोबाने दिलं, मग नदी गोड झाली. सळसळ सळसळ.
नदी गोड झाली, मग दार उघडलं. करकर करकर.
दार उघडलं, मग भट्टी पेटली. भक्क!
भट्टी पेटली, मग मणी जुळले. टक टक टक टक.
मणी जुळले, मग रस्ता झाला. सर्रर्र!
रस्ता झाला, मग घर उठलं. टुम्म!

आणि ठुमकी? ती नदीतून डुबुक डुबुक धावत घरी आली, रस्त्यावर चढली, मान ताठ केली, आणि डोक्यावर बोचकं घेऊन चालली,

ठुमुक ठुमुक, ठुमुक ठुमुक!

पुढच्या टोकाला पोचली. ठिगळ लावलं. चप्प! घराच्या आतल्या दोऱ्या ताणल्या गेल्या. घराला पुढे पाय फुटला. पाऊल टाकलं. सरक!

शेजारच्या घरानेही टाकलं. सरक! त्याच्या शेजारच्यानेही. सरक, सरक, सरक!

एका घासात गुडघा बरा होतो का? छे! सगू रोज खायची गुडघ्याचा घास. ठुमकी रोज न्यायची नवं बोचकं. घर रोज सरकायचं थोडं थोडं.

सरकता सरकता समोरून आलं दुसरं घर. तेही सरकतच येत होतं!

"आलात?"

"आलो!"

दोन्ही घरं एकमेकांना चिकटली. घट्ट! उघडी जागा उरलीच नाही. ठुमकीने डोकं हलवून पाहिलं. हलकं हलकं! इतका आनंद झाला तिला, की ती उगीचच ठुमकली.

त्या दिवशी बाबांनी घास कालवला. "हा घास गुडघ्याचा!"

सगूने गुडघा दाबून पाहिला. झोंबेना. वाकवून पाहिला. झोंबेना!

"गुडघ्याचं पोट भरलं," सगू म्हणाली.

"मग हा घास कोणाचा?"

सगूने केला आ. एवढा मोठ्ठा आ!

"माझा!"

गट्टम!

गोष्ट आली ओठी, घास गेला पोटी.