बाभळोशीचा अकरा आऱ्यांचा शिक्का

बाभळोशीच्या घाटमाथ्यावर, जिथून कोकणात उतरणारी जुनी गाडीवाट सुरू होते, तिथे पुरुषभर उंचीचा एक काळा दगड उभा आहे. दगडावर चाक कोरलेलं आहे. आरे नीट मोजले तर अकराच भरतात. बाराव्याची जागा झिजून मोकळी झालेली नाही, कोरणाऱ्याने तिथे छिन्नी लावलीच नव्हती. पूर्वी हीच खूण गावात तयार होणाऱ्या प्रत्येक बैलगाडीवर डागलेली असे, आता ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर रंगवतात. या गाड्यांना चार तालुक्यांत ‘गिरजाई’ म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात खालच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका जपानी मोटार कारखान्याचे दोन इंजिनियर दुभाषी मुलीला घेऊन हा दगड पाहायला आले. गावातले सर्वांत जुने सुतार हैबती मेस्त्री त्यांना वर घेऊन गेले. थोरल्या इंजिनियरने सांगितलं, की त्यांच्या कंपनीचं नाव म्हणजे मूळ मालकाचं आडनाव, फक्त कानाला बरं लागावं म्हणून जरासं बदललेलं. चिन्हही असंच, पुष्कळ विचार करून देखणं काढलेलं. मग तुमचं चिन्ह अपुरं का, असं त्याने अदबीने विचारलं. हैबती मेस्त्रींचा आवाज एरवीही चढाच असतो.

“आमचं देखणं न्हाई,” ते म्हणाले, “आमचं रागानं काढलेलं हाय.”

हकीकत अशी सांगतात. त्या काळी हा मुलूख एका देशमुखाच्या हाताखाली होता. त्याला मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड कोकणात न्यायचं होतं आणि त्यासाठी अक्षय्यतृतीयेच्या आत बारा नव्या गाड्या हव्या होत्या. काम बाभळोशीच्या सत्वा सुताराकडे आलं. सत्वाचा हात चांगला होता, पण कान त्याच्या बायकोचा, गिरजेचा. चाक तयार झालं की ती एकेका आऱ्यावर लाकडी हातोडी टकटक वाजवी आणि ऐके. वाळलेली बाभूळ खणखणीत बोलते, ओली बद्द वाजते. गिरजेने मान हलवल्याशिवाय सत्वा चाकावर लोखंडी धाव चढवत नसे.

बाभळीचं लाकूड वर्षभर तळ्यात मुरवायचं आणि पुढे दोन उन्हाळे सावलीत वाळवायचं, हा तिथला रिवाज. तसं लाकूड अकराच गाड्यांपुरतं होतं. बाराव्या गाडीसाठी सत्वाने मुदत मागितली. देशमुखाच्या कारभाऱ्याने त्याला वतन काढून घ्यायचा धाक घातला. सत्वा घाबरला, आणि बारावी गाडी त्याने गिरजेच्या होकाराविनाच ओल्या लाकडाची केली. ही त्याची चूक, आणि हैबती मेस्त्री ती लपवत नाहीत.

त्यात कारभाऱ्याला एक हौस सुचली. प्रत्येक गाडीच्या उजव्या चाकाच्या एका आऱ्यावर देशमुखाचा शिक्का, म्हणजे सूर्य, तापल्या लोखंडाने डागायचा. चाक फिरेल तसा सूर्य वर येईल, खाली जाईल, वाटेवरचे लोक बघत राहतील. ओल्या आऱ्याला तापलं लोखंड लावलं की तो आतून तडकतो, हे सांगायला सुतार लागत नाही. गाड्या न्यायच्या दिवशी गिरजा पदर खोचून कारभाऱ्यापुढे उभी राहिली. बारावी गाडी नेऊ नका, तिचा सूर्याचा आरा बद्द वाजतोय, असं तिने त्याला बजावलं.

“सरकारांचा सूर्य आहे त्याच्यावर,” कारभारी म्हणाला. “मोडेल कसा?”

गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर मोडली. चाक बसलं, गाडी कलंडली आणि बैलांसकट दरीत गेली. गाडीवान बहिरू, बाभळोशीचाच, दोन लेकरांचा बाप, गाडीबरोबर गेला. वऱ्हाड थांबलं नाही, कारण मुहूर्त चुकला असता. गावातली माणसं दोर घेऊन दरीत उतरली, तेव्हा देशमुखाचे दोन शिपाई घाईघाईने वर येताना त्यांना भेटले. काय घेऊन चाललात, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

माणसांनी बहिरूला वर नेलं. गिरजा खालीच राहिली. मोडक्या चाकाचे तुकडे तिने एकेक करून गोळा केले, करवंदीच्या जाळ्या हातांनी बाजूला सारल्या, ओढ्याचं पाणी चाचपलं. अकरा आरे सापडले. सूर्याचा तेवढा कुठेच नव्हता. दरीतलं लाकूड काही पायांनी चालत जात नाही, आणि शिपाई काय घेऊन गेले ते गिरजेला तिथेच कळलं.

चौथ्या दिवशी चावडीवर पंच बसले. कारभाऱ्याने सरळ सांगितलं, की आमच्या प्रत्येक गाडीच्या उजव्या चाकावर सूर्य आहे, आणि या गाडीच्या चाकावर तो नाही. तेव्हा ही गाडी आमची नव्हेच. सुताराने आपली टाकाऊ गाडी आमच्यात घुसवली आणि गरीब गाडीवानाचा जीव घेतला. चार दिवसांपूर्वी गाड्या रुबाबात निघाल्या तेव्हा त्या देशमुखाच्या होत्या, आणि मोडली ती एकाएकी सत्वाची झाली. पंचांनी माना डोलावल्या. सत्वाची तासणी, करवत, पटाशा, सगळी हत्यारं देशमुखाच्या गढीत जमा झाली. त्याने पुन्हा लाकडाला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. सत्वा खाली मान घालून घरी आला.

गिरजा आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही म्हणे. राग देशमुखावर होता, तेवढाच नवऱ्यावर होता आणि स्वतःवरही होता. नवव्या दिवशी ती बोलली.

“ओलं लाकूड तुमी लावलं. बद्द वाजलं ते मी ऐकलं, सांगितलं आन् बाजूला झाले. चाकाम्होरं आडवी पडले न्हाई. आपला वाटा आपन घिऊ. पर त्यांचा वाटा मी आपल्या डोक्यावर ठिवणार न्हाई.”

हुकूम सत्वाला होता. बाईमाणूस तासणी उचलेल, हे कारभाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. गिरजा माहेरी गेली आणि बापाची हत्यारं डोक्यावर घेऊन आली. सत्वा उंबऱ्यावर बसून सांगे, ती तासत असे. लाकूड मुरायला आणि वाळायला लागतो तेवढा काळ तिने जाऊ दिला, एक दिवसही कमी केला नाही. तिसऱ्या वर्षी पहिली गाडी उभी राहिली. तिच्या तुंब्यावर, जिथे सगळे आरे येऊन मिळतात तिथे, गिरजेने आपल्या हाताने अकरा आऱ्यांचं चाक डागलं. लोक म्हणाले, मोडकं चाक कोण दारात उभं करील? ज्याला मिरवायचंय त्याने दुसरीकडे जावं, असं ती म्हणाली. असला शिक्का दुसरा कुणी आपला म्हणून सांगणार नाही, म्हणजे गाडी कुणी केली ते कधी लपणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग नवऱ्याला शेजारी बसवून तिने ती गाडी स्वतः घाट उतरवली, पुन्हा वर आणली आणि बहिरूच्या दारात सोडली.

त्यानंतर घाटात इतरांच्या गाड्या मोडत राहिल्या. गिरजेची एकही मोडली नाही, असं सांगतात. तिने पाथरवटाकडून तीच खूण माथ्यावरच्या दगडावर कोरून घेतली, कारण गढीतून कोकणात जायला दुसरी वाट नव्हती.

शेवटी देशमुख स्वतः तिच्या अंगणात आला. बरोबर शिपाई होता आणि शिपायाच्या हातात सत्वाच्या हत्यारांची पेटी होती. पेटी परत मिळेल, हुकूम उठेल, गाड्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या याच घरात राहील, असं देशमुख म्हणाला. अट एकच. दगडावरचं आणि गाड्यांवरचं चाक बारा आऱ्यांचं करायचं. सत्वाची नजर पेटीवरून हलेना. गिरजेने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती देशमुखाकडे वळली.

“बारावा आरा तुमच्या गढीत हाय, सरकार. चारचौघांत आणून द्या. त्याच्यावर कुणाचा सूर्य हाय, ते बहिरूच्या बायकूला दाखवा. त्याच दिशी भरून काढते.”

देशमुखाने पाठ फिरवली. पेटी परत गेली. सत्वा पुढे नऊ वर्षं जगला, पण तासणी न धरताच गेला. देशमुखाला इतर गाड्यांचा भरवसा नव्हता आणि हिच्या गाडीत बसायची लाज होती, म्हणून तो मरेपर्यंत हा घाट पायीच उतरला म्हणे.

थोरल्या इंजिनियरने हे ऐकून मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं. कुणी भरायचा प्रयत्न केला नाही का, असं त्याने विचारलं. केला की, हैबती मेस्त्री म्हणाले. दोन वर्षांपूर्वी पर्यटनाच्या नावाखाली कुणीतरी सिमेंटचा बारावा आरा बसवून गेलं होतं. मेस्त्रींच्या सुनेने तो भर दुपारी पटाशीने उडवला आणि तुकडे दरीत फेकले.

आजही बाभळोशीत नवी ट्रॉली तयार झाली की आधी घरातली बाई तिच्यावर हातोडी वाजवून ऐकते, मग खूण काढते, आणि करणाऱ्याच्या घरातली माणसं तिच्यात बसून घाट उतरल्याशिवाय ती गिऱ्हाईकाला देत नाहीत. खुणेत आजही अकराच आरे असतात. गढी पडली, पण देशमुखांचे वारस खाली तालुक्याला राहतात. त्यांना दगड माहीत आहे. आरा आणून द्यायचा तर आता तिथवर डांबरी रस्ताही झाला आहे.