उंबरठ्यावरून दिलेलं उत्तर

“पण बाबा, माझं उत्तर चूक होतं का?”

निरंजनबाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कोणतं?”

विश्वंभरला हे झोंबलं. ज्या उत्तरापायी सगळा मठ ढवळून निघाला, ते बाबांच्या कानावर नसेल होय? पण आज तो अपील घेऊन आला होता. राग गिळला आणि पहिल्यापासून सांगायला बसला.

मठाचं विद्यापीठ जुनं. तिथं तर्कशास्त्र शिकवतात. पदवी सरकारमान्य, पण शिस्त मठाची. अभ्यासात कमी पडला की विद्यार्थ्याला आधी उंबरठ्यावर बसवतात. त्यानं पाठ ऐकायचा, तोंड उघडायचं नाही. हे पाळलं तर तो पुन्हा आत. मोडलं तर वर्षभर निलंबन. पाठशाळेत पाऊल ठेवायचं नाही. वर्ष सरल्यावर गुरू स्वतः हाताला धरून आत नेतात, तेव्हाच जायचं. त्यावर अपील एकाच ठिकाणी, बाबांकडं.

विश्वंभर हुशार. इतका की चारचौघांबरोबर पाठ म्हणायची त्याला लाज वाटे. पाठांतराच्या परीक्षेला गेलाच नाही, म्हणून उंबरठ्यावर आला. तिथं बसून ऐकत असताना आत पाठ देणारे केशवशास्त्री एका सूत्राचा अर्थ सांगताना चुकले. विश्वंभरनं बसल्या जागेवरून, खणखणीत आवाजात, त्यांना दुरुस्त केलं.

त्याच दिवशी निलंबन.

आता पदवीची परीक्षा तोंडावर आलेली. ती हुकली तर तालुक्याच्या कॉलेजात ठरलेली नोकरी गेली. गावात वडिलांचे पेढे वाटून झाले होते. आज ओसरीची पायरी चढताना सोबत्यांनी मागून टोमणा मारला होता, “वकीलसाहेब, आमच्याही केसकडं बघा.” त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“उत्तर बरोबर होतं,” ते म्हणाले. “केशवच येऊन सांगून गेला. चुकलो म्हणाला.”

विश्वंभरची छाती फुगली. “मग निलंबन रद्द?”

“कायम.”

“बरोबर बोलूनसुद्धा?”

“चुकीचं बोलला असतास तर मान आपोआप खाली गेली असती. सोडलं असतं.”

विश्वंभरचा तोल गेला. असा न्याय आजवर कोणत्या गुरूनं केला, असं तो तोंडावर विचारून बसला.

“माझ्या,” बाबा म्हणाले.

“आपल्या गुरूंनी?”

“मीही उंबरठ्यावरून बोललो होतो. खुद्द त्यांना. भर सभेत.”

“आणि आपलं उत्तर?”

“बरोबर होतं.”

“मग त्यांनी आपल्याला आत कधी नेलं?”

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. उघड्या दारातून पाठशाळा दिसत होती. समोरच्या भिंतीशी त्यांच्या गुरूंची गादी. रोज झाडलेली, रिकामी.

“वर्ष भरायच्या आत ते गेले. न्यायचं राहिलं.”

विश्वंभरची नजर त्या गादीवरून बाबांच्या घोंगडीवर आली.

बाबा पाठ ओसरीवरूनच देत. पोरं आत बसत, त्यांचा आवाज दारातून येई. थंडीवाऱ्यातही बाबांची जागा हीच. बाबांचे गुडघे दुखतात, आत वारा लागत नाही, असं पोरं आपापसात ठरवून मोकळी झाली होती. विश्वंभरनंही तेच धरलं होतं. मठाच्या किल्ल्या बाबांच्या कमरेला. विद्यापीठ त्यांच्या शब्दावर चाले. आणि त्या दारातून आत जाताना त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.



घोकून आणलेले मुद्दे ओठांपर्यंत येऊन विरून गेले. समोरचा म्हातारा त्याला डोंगराएवढा वाटायला लागला. आपण इतकी वर्षं कुणासमोर पाय पसरून बसत होतो, हे कळून त्यानं पाय पोटाशी घेतले. मग वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

“आपण स्वतःच आत गेला असतात, तर अडवणारं कोण होतं, बाबा?”

बाबांनी सुपारीचं खांड त्याच्या हातावर ठेवलं.

आत घंटा झाली. पोरं पाठाला बसली. विश्वंभरनं डोळे पुसले, उंबरठ्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “मग मी वर्षभर बाहेरच बसू ना?”

बाबांनी घोंगडीवर जरा सरकून त्याला जागा करून दिली.

“बाहेर कोण बसलंय?”