बैलाच्या पाठीवरची जागा

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक घोंगडी विणणारा राहत होता. हातात कसब मोठं, पण तोंडात सबबी त्याहून मोठ्या.

दर हिवाळ्यात मीठ वाहणाऱ्या बैलांचा तांडा गावावरून दूरदेशी जायचा. तांड्याचा नायक विहिरीवर थांबला की हाक मारायचा, "एखादी घोंगडी दे की रं. तिकडं विकून बघतो."

"छ्या नायक! माझा माग एकच. परमुलखात माल धाडणं मोठ्यांचं काम. आधी मोठा होऊ द्या."

बायको कपाळावर हात मारायची. "अवं, त्यांनी एकच मागितली! एका मागावर एक घोंगडी व्हत न्हाई व्हय?" पण तिचं ऐकतो कोण!

पुढे त्याचा जम बसला. एकाचे आठ माग झाले, हाताखाली माणसं आली. नायकानं पुन्हा विचारलं.

"आता कशाला?" तो मिशीवर हात फिरवत म्हणाला. "इथला बाजार माझ्या मुठीत हाय. तिकडची उठाठेव कोण करणार?"

"ल्हान व्हता तवा ल्हान म्हणून न्हाई, आता मोठं झालात तर मोठं म्हणून न्हाई," बायको करवादली. "तुमच्याम्होरं डोकं फोडून घिऊ का?"

आता घोंगडी काय वर्षाला फाटते? बापानं घेतलेली पोरगा पांघरतो. पंचक्रोशीत घरोघर घोंगडी झाली आणि गिऱ्हाईक आटलं. ओसरीत थप्प्या लागल्या, त्यांना कसर लागली, एकेक माग थांबला, माणसं घरी बसली. आठ माग मांडणाऱ्याला एवढं सुचू नये, याचा खरंच संताप येतो.

तांडा आला तसा तो धावत सुटला. "नायक, सगळ्या घ्या!"

"कुठं ठेवू? मिठाच्या गोण्यांवर खालच्या वाडीतल्या म्हातारीच्या घोंगड्या लादल्यात."

"तिचा तर एकच माग!"

"व्हय. पहिल्या वर्षी तिनं एक दिली. ती आखूड म्हणून परत आली. पुढच्या वर्षी तिनं लांब विणली. आता तिकडचं लोक तिचीच घोंगडी मागत्यात. तुझी कुणाला ठाव न्हाई."

नायकाला दया आली. "एक दे. शेवटच्या बैलावर तेवढी जागा हाय."

त्यानं एक घोंगडी आणून दिली.

"हीच एक पयल्या वर्षी दिली असती तर?" बायको म्हणाली.



तात्पर्य: लांबच्या बाजाराची वाट मागांची संख्या अडवत नाही, मालकाचं मन अडवतं, मनच नसलं तर लहानपण काय नि मोठेपण काय, दोन्ही सबबीच.