कार्बोरेटर आणि खालचा चहाडखोर

लई वर्सांमागं, म्हंजे माझे दात माझेच होते तवा, एका मोटारीत एक कार्बोरेटर राहायचा. हवेत पेट्रोल कालवून इंजनाला वाढणारा आचारीच म्हणा की! खाली धुराच्या नळीत सेन्सर बसायचा. तो धूर हुंगायचा आणि कंप्युटरच्या डब्याला सांगायचा, "पेट्रोल जास्त झालं." मग डबा आचाऱ्याचा हात आवरायचा.

"चहाडखोर मेला!" कार्बोरेटर चिडला. त्यानं गचके देऊन देऊन सेन्सरची वायरच पाडली. "आता खा रे इंजना, पोटभर!"

इंजन खाऊन खाऊन काळा धूर ओकायला लागलं. गाडी उभी राहिली की बंद! मालकीण पारूबाई म्हणाली, "गफूरभाई, आज नीट झाली नाही तर भंगारात देते हिला."

भंगारात म्हंजे आपणही गेलो, हे कार्बोरेटरला कळलं. गफूर मिस्त्री त्याचा स्क्रू कधी डावा पिळी, कधी उजवा. उपयोग शून्य. आता खरं सांगावं कसं? कार्बोरेटरनं पेट्रोलचा एक थेंब हळूच सोडला. तो ओघळत पडलेल्या वायरीपाशी गेला.

पुसायला वाकलेला गफूर हसला, "वायर खाली लोंबतीय, अन् मी वर कान पिळतोय!"

त्यानं वायर जोडली, स्क्रू पाव आटा फिरवला आणि चालू इंजनावर चहाचा भरला ग्लास ठेवला. थेंब सांडला नाही.

"माझ्यापायी धूर खाऊन काळा झालास रे," कार्बोरेटर खाली सेन्सरकडं बघून म्हणाला. "तुझ्यामुळं भंगारातनं वाचलो, लई उपकार झाले."

"उपकार राहू दे. पेट्रोल जरा जास्त होतंय."

"बरं, दादा," कार्बोरेटर म्हणाला.